गाव लागणं : आग्रा रोडवरचं चांदवड

विषय चांदवडचा आहे, पण सुरुवात एका क्रियापदापासून करतो. माझा मूळ विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे शब्दांत अडकायची खोड आहे, ती तुम्ही सांभाळून घ्या.

नाशिकहून धुळ्याकडे जायचं असेल तर आपण काय म्हणतो? आधी ओझर लागतं, मग पिंपळगाव लागतं, मग चांदवड लागतं, पुढे राहुडचा घाट, मग मालेगाव. 'लागतं.' हे मराठीतलं फार मार्मिक क्रियापद आहे. ठेच लागते, भूक लागते, आणि गावही लागतं. वाटेवरच्या गावाचं असणं हे असं जाणाऱ्याच्या बाजूनं सांगितलं जातं. चांदवडचा माणूस चांदवडला राहतो, त्याला चांदवड 'लागत' नाही. ते तुम्हाआम्हाला लागतं. आणि शेकडो वर्षं एखादं गाव फक्त लागतच राहिलं, तर त्याचा इतिहासही जाणाऱ्यांच्याच वह्यांत जमा होतो. बादशाही बखरनवीस, पेशव्यांचे कारकून, इंग्रज कॅप्टन, गॅझेटिअरवाले, सगळे जाणारेच. म्हणून आज मला जरा उलट्या बाजूनं बघायचं आहे. रस्ता गावाला काय देतो, हे आपण नेहमी विचारतो. गावानं रस्त्याला काय दिलं? माझ्या मते चांदवडचा वारसा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

आता जागा बघा. नाशिकपासून ईशान्येला साठ-पासष्ट किलोमीटर. पाठीशी सातमाळ्याची रांग. तुमच्यापैकी ज्यांना गडांचा नाद आहे त्यांना अचला-अहिवंतापासून सप्तशृंग, मार्कंड्या, धोडप, राजदेहेर, इंद्राई आणि मग चांदवडचा किल्ला अशी ओळ पाठ असेल. ही रांग म्हणजे पाणी वाटून देणारा बांध आहे. दक्षिणेला पडलेला थेंब गोदावरीत जातो, उत्तरेला पडलेला गिरणेत. अलीकडे गंगथडी, पलीकडे खानदेश. बोली बदलते, जेवण बदलतं, पिकं बदलतात. भिंत लांबलचक, आणि गाडीबैल, उंटतांडे, तोफा जातील अशी दारं मोजकी. त्यातल्या एका दारापाशी चांदवड बसलेलं आहे. दिल्ली, आग्रा, माळवा इकडून दक्षिणेत उतरणाऱ्याला आणि पुणे, नाशिककडून वर चढणाऱ्याला हे दार टाळणं महाग पडायचं.

प्राचीन काळ मी भराभर सांगतो, कारण त्यात माझ्या मुद्द्याला लागेल असं थोडकं आहे. देवगिरीचे यादव देवगिरीला जाण्यापूर्वी याच नाशिकच्या मुलखातले सरदार होते. त्यांचा मूळ पुरुष दृढप्रहार, नववं शतक. त्याच्या नावाशी जोडलेलं चंद्रादित्यपूर म्हणजे आजचं चांदवड, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या मुलाच्या, सेऊणचंद्राच्या, काळात सिन्नर पुढे आलं. म्हणजे ज्या घराण्यानं पुढं महाराष्ट्रावर राज्य केलं, त्याचं पहिलं ठाणं घाटाच्या तोंडाशी होतं. वाटेचं रक्षण करता करता माणूस वाटेचा मालक होतो, आणि मालकाचा राजा होतो, ही आपल्याकडची जुनी रीत आहे! चांदवडच्या डोंगरात जैन लेणं आहे, तेही वाटेशी नातं सांगतं. लेणी आणि व्यापारी मार्ग यांची जोडी सह्याद्रीत सगळीकडे दिसते.

पुढं मोगलांनी शहाजहानच्या काळात, १६३६ च्या सुमाराला, या रांगेतले किल्ले घेतले. आणि १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराज सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर परतताना याच रांगेतल्या खिंडीतून खाली उतरले. दाऊदखान मागावर होता. वणी-दिंडोरीची लढाई झाली ती त्याच वेळी. तिचं वर्णन लिहिणारा भीमसेन सक्सेना स्वतः त्या मोगल फौजेत होता. लढाईची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. मी फक्त एवढंच दाखवतो की एका बाजूला लुटीनं लादलेली घोडी घेऊन घाईनं जाणारा राजा आहे, दुसऱ्या बाजूला त्याला गाठायला धावणारा सुभेदार आहे, आणि दोघांच्याही डोक्यात एकच प्रश्न आहे: खिंड कोणाच्या हाती? गावाचं नाव दोघांच्याही हिशेबात आहे. गावातली माणसं मात्र कोणाच्याच कागदावर नाहीत. त्या रात्री त्यांनी काय केलं असेल, याची आपण फक्त कल्पना करायची.

आता होळकर. इथं मी थोडा रेंगाळणार आहे.

मल्हारराव होळकरांचा उदय झाला तो पुणे आणि माळवा यांना जोडणाऱ्या वाटेवर. पुण्यात पेशवे, वर इंदूर आणि महेश्वर. चांदवड साधारण मध्यावर पडतं. निम्मी वाट झाली की जनावरांना विश्रांती हवी, चंदी-वैरण हवी, पुढचा घाट चढण्यापूर्वी तांडा नीट लावायला हवा. होळकरांच्या हाती चांदवड आलं ते नुसती जहागीर म्हणून नव्हे, तर दक्षिणेकडचं आपलं पाऊल म्हणून. तिथं त्यांनी वाडा बांधला. तोच आज आपण रंगमहाल म्हणतो तो. दुमजली, मधे चौक, सागवानी खांब, खांबांवर कोरीव काम, भिंतींवर रंगीत चित्रं. आज तो राज्य संरक्षित स्मारक आहे. लोक तिथं जातात, चित्रांसमोर उभं राहून फोटो काढतात, आणि 'अहिल्यादेवींचा वाडा' म्हणून नमस्कार करून निघतात. नमस्कार योग्यच आहे. पण अहिल्याबाई वर्षानुवर्षं राहिल्या महेश्वरला. चांदवडचा वाडा हा मुख्यतः येण्याजाण्याचा वाडा. त्याला नुसता राजवाडा म्हणून बघितलं की त्याचं निम्मं कळत नाही. दरवाज्याची उंची बघा, चौक बघा, पाण्याची सोय बघा. हे घर पाहुण्यांसाठी, कचेरीसाठी, मुक्कामासाठी मांडलेलं आहे.

इथं एक पैशाची गोष्ट सांगायला हवी, ती आपण फारशी सांगत नाही. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगीची जहागीर दिली. खासगी म्हणजे दौलतीच्या खजिन्यापासून वेगळी, घरातल्या बाईच्या ताब्यातली मिळकत. फौजेचा खर्च दौलतीतून, खासगीचा हिशेब निराळा. गौतमाबाईंनंतर ती अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी जे घाट, विहिरी, धर्मशाळा, देवळं बांधली, त्यामागं हा खासगीचा पैसा आहे. लढाईत तो उडवता येत नव्हता म्हणून तो पाण्यात गेला, आणि पाण्यात गेला म्हणून टिकला! मराठीत 'पैसा पाण्यात गेला' हे वाईट अर्थानं म्हणतात, इथं चांगल्या अर्थानं म्हणायची सोय आहे.

चांदवडला घाटाच्या पायथ्याशी, डोंगराच्या कुशीत रेणुकादेवीचं देऊळ आहे. त्याचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंच्या नावावर आहे. देऊळ रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि हे उगाच नाही. घाट चढण्यापूर्वी हात जोडायचे, उतरल्यावर पुन्हा जोडायचे. आजही ट्रकवाले तिथं थांबतात, नारळ फोडतात. अडीचशे वर्षांत बैल गेले, इंजिन आलं, पण घाटाची धास्ती तीच आहे. ही धास्तीसुद्धा वारसा आहे, असं मी म्हटलं तर पुरातत्त्ववाले हसतील. हसू देत.

आणि आता टाकसाळ. माझ्या मते चांदवडनं रस्त्याला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही.

होळकरांची टाकसाळ चांदवडला होती. तिच्यातून निघणारा तो चांदवडी रुपया. नाशिक, नगर, खानदेश या भागातल्या जुन्या व्यवहारात 'रुपये अमुक, चांदवडी' असं लिहिलं जायचं. तेव्हा रुपये अनेक तऱ्हेचे होते. प्रत्येकाची चांदी वेगळी, वजन वेगळं. एका मुलखातला रुपया दुसऱ्यात चालवायचा तर शराफ बट्टा कापायचा. तेव्हा 'रुपया' म्हणून भागत नसे, कुठला रुपया ते सांगावं लागे.

१८८३ च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये या टाकसाळीच्या कामाचं वर्णन आहे. चारशे कामगार. प्रत्येकाला चांदी मोजून द्यायची. त्यानं तिचे तुकडे करायचे, गोल करायचे, तोलायचे. आणि लक्ष कशाकडे, तर आकार एकसारखा आहे की नाही यापेक्षा वजन बरोबर आहे की नाही याकडे. म्हणून प्रत्येक कामगाराला स्वतःचा काटा आणि वजनं दिलेली, आणि कारभारी दर आठवड्याला ती तपासायचा. मग ठसा. ऐरणीत भोक, भोकात खालचा ठसा. एकजण तुकडा टाकणार, दुसरा वरचा शिक्का धरणार, तिसरा सहा पौंडी हातोड्याचा घाव घालणार. तिघं मिळून तासाला दोन हजार, दिवसाला वीस हजार नाणी, असं तिथं म्हटलंय. तासाला दोन हजार म्हणजे दोन सेकंदांच्या आत एक. मला हा आकडा जरा फुगलेला वाटतो, पण निम्मा धरला तरी दिवसभर त्या गावात हातोड्यांचा काय नाद घुमत असेल!

पुढची गोष्ट मला फार आवडते. शिक्का तुकड्यापेक्षा मोठा होता. त्यामुळे सगळी अक्षरं क्वचितच उठत. नाण्यावर फार्सी मजकूर, दिल्लीच्या शाहआलम बादशहाचं नाव, आणि टाकसाळीचं नाव: जाफराबाद उर्फ चांदोर. आता बघा, राज्य होळकरांचं, सार्वभौम म्हणून नाव बादशहाचं, गावाचं नाव फार्सी कागदातलं, आणि हे सगळं अर्धंमुर्धं उठलेलं. कुठं बादशहा निम्मा गेला, कुठं चांदवड गेलं. तरी नाणं चाललं. लोक त्यावर काय लिहिलंय ते वाचत नव्हते, वाचता येणारे होते तरी किती? ते तोलत होते, वाजवून बघत होते. म्हणजे त्या रुपयाची पत बादशहाच्या नावात नव्हती आणि होळकरांच्या तलवारीतही नव्हती. ती होती त्या चारशे काट्यांत. कुठल्या तरी अनाम कामगारानं चांदवडमध्ये काटा धरला, आणि शे-दीडशे मैलांवरच्या बाजारात एका अनोळखी माणसानं दुसऱ्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवला.

मला कुणी विचारलं की चांदवडचा वारसा एका वस्तूत दाखवा, तर मी रंगमहालाचा खांब नाही दाखवणार. मी तो काटा दाखवीन. अडचण एवढीच की तो काटा कुठल्याच संग्रहालयाच्या दारावर लावलेला नाही.

पुढचं लवकर आवरतो. १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांशी इंग्रजांचं युद्ध चालू असताना कर्नल वॉलेसनं चांदवड घेतलं. पुढच्या तहानं ते परत मिळालं. मग १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख गेला, त्यात चांदवड कायमचं गेलं. कंपनीला देशभर एकच रुपया हवा होता, तेव्हा टाकसाळही थांबली. इंग्रजांनी आग्रा रोड पक्का बांधला, पूल घातले, मैलाचे दगड रोवले. रस्ता सुधारला आणि गाव बसलं, असं विचित्र गणित झालं. आणि १८६० च्या दशकात जी.आय.पी. रेल्वे आली ती सातमाळ्याला टाळून, दक्षिणेकडच्या सपाटीनं. लासलगाव, मनमाड. चांदवडपासून वीस-पंचवीस किलोमीटर. ज्या डोंगरामुळे चांदवडला किंमत होती, त्याच डोंगरामुळे रेल्वे दूर राहिली. मनमाड मोठं झालं, लासलगावला कांदा गेला. चांदवड तालुक्याचं ठिकाण म्हणून राहिलं. कचेरी, कोर्ट, बाजार, पुढं १९२८ साली सुरू झालेलं जैन गुरुकुल आणि त्यातून वाढलेल्या शाळा-कॉलेजं. ही शाळा-कॉलेजं मी कमी लेखत नाही. रस्त्याकाठच्या गावाला बाहेरची पोरं ठेवून घ्यायची सवय असते, ती तिथं कामी आली.

रस्त्याचा इतिहास असा लिहिला जातो की जणू रस्ता फक्त चालण्यासाठी असतो. रस्ता अडवताही येतो. १९८० साली कांदा आणि उसाच्या भावासाठी शेतकरी संघटनेनं नाशिक जिल्ह्यात आंदोलन केलं तेव्हा मुंबई-आग्रा रस्ता शेतकऱ्यांनी रोखून धरला. शतकानुशतकं ज्यांच्या दारावरून जग गेलं, ते पहिल्यांदाच जगाला म्हणाले, थांबा. आणि मग १९८६ चा नोव्हेंबर. तारखा ९ आणि १०. शेतकरी महिलांचं अधिवेशन चांदवडला भरलं. लाखांच्या संख्येनं बायका आल्या. विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून. बऱ्याच जणी घराबाहेर दोन रात्री पहिल्यांदाच काढत होत्या. शरद जोशींनी या प्रश्नावर लिहिलेल्या पुस्तिकेचं नावच 'चांदवडची शिदोरी'. त्या विचारातूनच पुढं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. म्हणजे घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा लावायचा. किती गावांनी तो पुरता पाळला हा निराळा, आणि दुखरा, विषय आहे. पण सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवायला पुरुष तलाठ्याकडे रांग लावतात, हे दृश्य महाराष्ट्रानं त्यापूर्वी पाहिलेलं नव्हतं.

मी जरा हात लांब करून एक धागा जोडतो, तो तुम्ही इतिहास म्हणून घेऊ नका, विचार म्हणून घ्या. गौतमाबाईंची खासगी म्हणजे बाईच्या नावावरची मिळकत. अडीचशे वर्षांनी त्याच चांदवडमध्ये शेतकरी बायका तेच मागतात. आम्हाला नुसता मान नको, नावावर काहीतरी हवं. यात कार्यकारणभाव नाही, हे कबूल. पण रंगमहालाच्या माहितीफलकावर १९८६ चा एक शब्द असायला काय हरकत आहे? आपल्या मनात वारसा म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचं. चाळीस वर्षांपूर्वीचं ते 'राजकारण'. ही सीमारेषा कोणी आखली?

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे, दोन मिनिटं येतो. आपल्या न्यायशास्त्रात 'प्रत्यभिज्ञा' म्हणून एक ज्ञान मानलंय. पूर्वी पाहिलेला देवदत्त आज भेटतो आणि आपण म्हणतो, 'सोऽयं देवदत्तः', तोच हा देवदत्त. बौद्धांचा आक्षेप असा की तोच कसा? क्षणाक्षणाला सगळं बदललंय, तुम्ही साम्याला एकत्व म्हणताय. आता हे आग्रा रोडला लावून बघा. बैलवाट, मग तोफा जातील अशी सडक, मग खडीचा पक्का रस्ता, मग डांबर, मग राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३, आता चौपदरी. एक दगड जुना नाही. तरी आपण म्हणतो, हा तोच रस्ता. कशाच्या बळावर? मातीच्या नाही. खिंडीच्या आणि थांबण्याच्या. खिंड तीच आहे, आणि तिच्या अलीकडे थांबायची गरज तीच होती. थांबणं ज्या दिवशी संपेल त्या दिवशी बौद्ध जिंकले असं समजा.

आणि थांबणं संपत चाललंय, ही माझी खरी काळजी आहे. चौपदरी रस्त्यावरून गाडी ऐंशी-शंभरच्या वेगानं जाते. चांदवडजवळ आता सक्तीचं थांबणं एकच, टोलनाक्यावरचं, आणि फास्टॅग आल्यापासून तेही काही सेकंदांचं. पूर्वीही इथं जकात होती. पण जकात घेणाऱ्याचं काही देणं लागायचं: चौकी-पहारा, पाणी, सावली, रात्रीचा आसरा. आता टोल रस्त्याचा, गावाचा त्यात संबंध नाही. 'गाव लागणं' हा प्रकारच संपत आलाय. पाटी लागते, गाव लागत नाही.

यावर उपाय म्हणून एक सूचना नेहमी येते, की रंगमहाल छान करा, रोषणाई करा, पर्यटक येतील. संवर्धन हवंच, त्याबद्दल वाद नाही. लाकूड कुजतंय, रंग उडतोय, आणि त्याची डागडुजी सिमेंटनं नाही, चुन्यानंच व्हायला हवी. पण नुसता वाडा वाचवून आपण पाहुणा वाचवला आणि यजमान गमावला असं होईल. मला विचाराल तर पहिला पैसा पाण्यावर खर्च करा. त्या काळच्या ज्या बारवा आणि विहिरी चांदवडमध्ये आणि वाटेवर उरल्या आहेत, त्यांतला गाळ काढा, पाणी पिण्यासारखं करा. हा तालुका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो हे तुम्ही जाणता. ज्या बारवेतलं पाणी गावाला उपयोगी पडतं ती बारव कोणी कचराकुंडी करत नाही. संरक्षित स्मारकाचा फलक लावून जे साधत नाही ते घागरीनं साधतं.

दुसरं, कागद. चांदवड, वणी, येवला, मालेगाव या पट्ट्यातल्या जुन्या पेढ्यांच्या, देशमुख-कुलकर्ण्यांच्या घरांत अजून खतावण्या, गहाणखतं, जकातीच्या नोंदी पडून असतात. बऱ्याचशा मोडीत असतात म्हणून घरच्यांना वाचता येत नाहीत, आणि वाडा पाडताना रद्दीवाल्याकडे जातात. जाणाऱ्यांच्या वह्या आपल्याकडे आहेत. राहणाऱ्यांच्या वह्या या आहेत. तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर असं बासन असेल तर ते फेकू नका. मोडी वाचणारी मंडळी आज पुन्हा तयार होताहेत, त्यांना दाखवा. आणि त्यात कुठं रुपयांच्या आकड्यापुढं 'चांदवडी' हा शब्द दिसला, तर त्या पानाचा एक फोटो मला जरूर पाठवा.

वेळ झालेली आहे. प्रश्न असतील तर घेऊ.